जिंकली ब्लू-रे, हरली तबकडी

प्रतिनिधी

१९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाचे अध्यक्ष आत्सुतोशी निशिदा टोकियोत पत्रकारांसमोर आले आणि ‘एचडी डीव्हीडी’ या चित्रतबकडीची यंत्रे बनविणे आपली कंपनी थांबवीत असल्याचे त्यांनी जाहीर केले. मार्चअखेरीस या यंत्रांचा पुरवठाही बंद होणार होता. या तबकडीची प्रतिस्पर्धी असलेल्या ‘ब्लू-रे’ची घोषणा सोनी, मात्सुशिता, फिलिप्स आदी नऊ कंपन्यांनी केली होती ती १९ फेब्रुवारी २००२ रोजी. बरोबर सहा वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, हाय डेफिनेशन तबकड्यांच्या युद्धाचा निकाल लागला.

निकालाबाबत तेव्हा कोणाच्याही मनात किंतु उरला नव्हता. सोनी जिंकली, तोशिबा हरली; व्हिडिओ कॅसेटच्या काळात ‘बीटामॅक्स’च्या रूपाने पत्करलेल्या पराभवाचे उट्टे सोनीने काढले, अशीच त्या दिवसांतील बहुतेक वृत्तांतांची मांडणी होती. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. दीड दशकाहून अधिक काळ लोटल्यावर या लढाईचा ताळेबंद मांडायला बसले, तर तो त्या दिवशीच्या मथळ्यांशी जुळत नाही. ज्या बाजारपेठेवर हक्क सांगण्यासाठी ही झुंज झाली, ती विजेत्याच्या ताब्यात आली तेव्हाच ओसरू लागली होती. आणि विकत घेतलेल्या चित्रपटाची एक प्रत आपल्या कपाटात ठेवण्याचा जो साधा हक्क प्रेक्षकाला होता, तो या साऱ्या धामधुमीत हळूहळू त्याच्या हातून निसटला.

एकच किरण, दोन वाटा

दोन्ही तबकड्यांचे मूळ एकच होते, ते म्हणजे निळा-जांभळा लेसर किरण. साध्या डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा किरण वापरला जात असे. निळ्या किरणाची तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर. तरंगलांबी जितकी कमी, तितका किरणाचा ठिपका बारीक आणि तितकी अधिक माहिती त्याच आकाराच्या तबकडीवर कोरता येते. हा किरण देणारा डायोड जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केला. निळ्या प्रकाशाच्या डायोडवरील कामासाठी पुढे २०१४ साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या किरणाची गरज भासली ती नव्या दूरचित्रवाणी संचांमुळे. आपल्याकडील ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीवरील चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, तर हाय डेफिनेशन चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे. म्हणजे बरोबर पाचपट. एवढे चित्र डीव्हीडीच्या एका थरातील ४.७ गिगाबाइटमध्ये मावणे कठीण होते. म्हणून दोन्ही गटांनी निळा किरण उचलला. पण वाटा वेगळ्या धरल्या.

तोशिबा आणि एनईसी यांनी माहितीचा थर डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल ठेवला. त्यामुळे डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांत थोडे फेरफार करून एचडी डीव्हीडी काढता येणार होती. तिच्या एका थरात १५ आणि दोन थरांत ३० गिगाबाइट माहिती मावत असे. सोनीच्या गटाने हा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळे क्षमता एका थराला २५ आणि दोन थरांना ५० गिगाबाइटवर गेली. मात्र त्यासाठी नवी यंत्रसामग्री उभारावी लागणार होती आणि ओरखड्यांपासून बचावासाठी तबकडीला कठीण लेपही द्यावा लागणार होता. थोडक्यात, एका बाजूला काटकसर होती, तर दुसऱ्या बाजूला भविष्यासाठी राखलेली ऐसपैस जागा.

प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच होती. चित्र आवळून साठविण्याच्या पद्धती दोन्हीकडे त्याच होत्या. त्यामुळे एकच चित्रपट दोन्ही तबकड्यांवर पाहिला, तर घरातल्या पडद्यावर फरक सांगणे जाणकारालाही अवघड जाई. ज्या गुणवत्तेच्या नावाने ही लढाई लढली गेली, तिच्यावर निकाल अवलंबून नव्हताच.

जुन्या जखमा, नवे हिशेब

मग दोन्ही गट एकत्र का आले नाहीत? तसे ते पूर्वी एकदा आले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास डीव्हीडीच्या जन्मवेळीही सोनी-फिलिप्स एका बाजूला आणि तोशिबा व तिचे साथीदार दुसऱ्या बाजूला असा तंटा पेटला होता. तेव्हा आयबीएमसारख्या संगणक कंपन्यांनी दोघांवर दबाव आणला आणि १९९५ साली एकच डीव्हीडी ठरली. त्या तडजोडीत तोशिबाच्या गटाची सरशी झाली. जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डीव्हीडी यंत्रामागे आणि तबकडीमागे स्वामित्वशुल्काचा वाटा मिळत असेल, तर पुढच्या पिढीतही तो आपल्याकडेच राहावा असे कोणाला वाटणार नाही? डीव्हीडीचे प्रमाण ठरविणाऱ्या ‘डीव्हीडी फोरम’ने नोव्हेंबर २००३ मध्ये तोशिबाच्या तबकडीला मान्यता दिली, तोवर ब्लू-रेचा गट बाहेर आपली स्वतंत्र चूल मांडून बसला होता. २००५ मध्ये समेटाची बोलणी झाली. माहितीचा थर ०.६ मिलिमीटरवर की ०.१ मिलिमीटरवर, या मुद्द्यावर ती अडली आणि फिसकटली. वाद मिलिमीटरच्या अंशाचा दिसत होता. त्याच्या आड येत्या अनेक वर्षांचे उत्पन्न दडलेले होते.

सोनीची सल याहून जुनी होती. १९७५ साली बाजारात आलेली बीटामॅक्स कॅसेट चित्राच्या दर्जात उजवी मानली जाई. पण पुढच्याच वर्षी आलेल्या जेव्हीसीच्या ‘व्हीएचएस’ने अधिक वेळ ध्वनिचित्रमुद्रणाची सोय आणि अनेक उत्पादकांची साथ यांच्या बळावर तिला मागे टाकले. अखेर १९८८ साली सोनीवर स्वतः व्हीएचएस यंत्रे बनविण्याची पाळी आली. नुसते उत्तम यंत्र बनवून भागत नाही, त्यावर पाहण्याजोगे चित्रपटही आपल्या मुठीत असावे लागतात, हा धडा सोनीने घेतला आणि १९८९ साली हॉलिवूडचा कोलंबिया पिक्चर्स हा स्टुडिओ विकत घेतला.

या इतिहासाला आणखी एक पदर आहे. घरबसल्या कार्यक्रम मुद्रित करू देणारे बीटामॅक्स यंत्र म्हणजे चोरीचे साधन, असा दावा युनिव्हर्सल आणि डिस्ने या स्टुडिओंनी सोनीविरुद्ध लावला होता. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे प्रेक्षकाने आपल्यापाशी प्रत ठेवण्यात गैर काही नाही, हे न्यायालयाला पटवून देणारी कंपनी सोनीच होती. ब्लू-रे आली तेव्हा तीच कंपनी स्टुडिओची मालक झाली होती आणि प्रतींवर कुलपे बसविणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसली होती.

खेळाच्या यंत्रातून घराघरांत

बाजारात पहिले पाऊल तोशिबाचे पडले. मार्च २००६ मध्ये जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत तिची यंत्रे आली. अमेरिकेत किंमत होती ४९९ डॉलर. जूनमध्ये आलेले सॅमसंगचे पहिले ब्लू-रे यंत्र त्याच्या दुप्पट, ९९९ डॉलरचे होते. किमतीचा निकष लावला असता, तर लढाई तिथेच संपायला हवी होती.

सोनीचे खरे अस्त्र नोव्हेंबर २००६ मध्ये बाहेर आले. ‘प्लेस्टेशन-३’ या खेळाच्या यंत्रात तिने ब्लू-रे वाचणारा भाग सक्तीने बसविला. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘एक्सबॉक्स ३६०’साठी एचडी डीव्हीडीचा स्वतंत्र जोडभाग १९९ डॉलरला देऊ केला, तो ज्याला हवा त्याने घ्यावा. या दोन धोरणांतील अंतरानेच पुढचे चित्र ठरविले. खेळ खेळण्यासाठी प्लेस्टेशन-३ घेणाऱ्या मुलाच्या घरात ब्लू-रे यंत्र आपसूक येऊन बसत होते, घरच्यांनी ते मागितलेले असो वा नसो.

अर्थात याची किंमत सोनीने भरभरून मोजली. निळ्या लेसरचे डायोड पुरेसे मिळेनात, म्हणून प्लेस्टेशन-३ चे युरोपातील आगमन मार्च २००७ पर्यंत लांबले. यंत्र उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत विकावे लागत होते. मार्च २००७ अखेरच्या आर्थिक वर्षात सोनीच्या खेळ विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला. पण २००७ सरेपर्यंत सुमारे एक कोटी प्लेस्टेशन-३ बाजारात उतरले होते आणि त्यांच्या तुलनेत तोशिबाच्या यंत्रांची संख्या किरकोळ होती.

दीड महिन्यात पानिपत

तरीही २००७ च्या उत्तरार्धात पारडे दोलायमान होते. डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे, तर वॉर्नर दोन्ही दरडींवर पाय ठेवून. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी ब्लू-रेकडे पाठ फिरवून फक्त एचडी डीव्हीडीची निवड केली. त्यासाठी त्यांना सुमारे १५ कोटी डॉलरचे प्रोत्साहन मिळाल्याचे वृत्त अमेरिकी वृत्तपत्रांनी तेव्हा दिले होते. नोव्हेंबरमध्ये वॉलमार्टच्या दुकानांत तोशिबाचे यंत्र शंभर डॉलरच्याही आत विकले गेले. एकूण रागरंग पाहता युद्ध लांबणार, असेच वाटत होते.

ते लांबणे मात्र कोणालाच परवडणारे नव्हते. डीव्हीडीच्या विक्रीला ओहोटी लागली होती आणि आपण घेऊ ते यंत्र उद्या भंगारात जाईल या भीतीने ग्राहक दोन्हीकडे फिरकत नव्हता. ४ जानेवारी २००८ रोजी, लास व्हेगासचा वार्षिक इलेक्ट्रॉनिक मेळा तोंडावर आला असताना, वॉर्नर ब्रदर्सने यापुढे केवळ ब्लू-रे काढण्याचे जाहीर केले. एचडी डीव्हीडीच्या गटाला त्या मेळ्यातील आपली पत्रकार परिषद ऐनवेळी रद्द करावी लागली. तोशिबाने यंत्रांच्या किमती उतरवून पाहिल्या, पण बांध फुटला होता. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, तर १५ फेब्रुवारीला वॉलमार्ट यांनी ब्लू-रेचा पक्ष घेतला. चार दिवसांनी तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. वॉर्नरच्या घोषणेपासून शरणागतीपर्यंत अवघे ४६ दिवस लागले.

या घटनाक्रमात सर्वसामान्य ग्राहक कुठे दिसतो? तो जवळजवळ दिसतच नाही. निर्णय घेतला तो चित्रपटांच्या मालकांनी आणि दुकानांच्या फळ्यांवर कोणता माल मांडायचा हे ठरविणाऱ्यांनी. ग्राहकाच्या वाट्याला आली ती निस्तरण्याची जबाबदारी. ज्यांनी एचडी डीव्हीडीची यंत्रे घेतली होती, त्यांना बेस्ट बायने ५० डॉलरची भेटकुपने दिली. वॉर्नरने २००९ मध्ये काही शुल्क आकारून जुन्या तबकडीच्या बदल्यात ब्लू-रे देण्याची योजना आणली. बाकीच्यांच्या तबकड्या कपाटातच राहिल्या.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

१९ फेब्रुवारी २००८ च्या त्याच दिवशी तोशिबाने आणखी एक घोषणा केली होती, पण ती पराभवाच्या बातमीखाली झाकली गेली. ‘सॅनडिस्क’ या कंपनीच्या साथीने योक्काइची आणि किताकामी येथे फ्लॅश मेमरीचे दोन कारखाने उभारण्यासाठी सुमारे १.७ लाख कोटी येन गुंतविण्याचा मनसुबा तिने सांगितला. फ्लॅश मेमरी हा तोशिबाच्याच प्रयोगशाळेत लागलेला शोध. फिरत्या तबकडीला रामराम ठोकून न फिरणाऱ्या स्मृतीवर पैसा लावणे, हा निर्णय दूरदृष्टीचाच म्हणायला हवा. पुढे मोबाइल संच आणि संगणक या दोहोंनी फ्लॅशच स्वीकारली.

मात्र दूरदृष्टीचे फळ तोशिबाला चाखता आले नाही. जागतिक मंदीने ही योजना लांबणीवर पडली. २०१५ मध्ये फुगविलेल्या नफ्याचे प्रकरण उघडकीस आले आणि तेव्हा सल्लागारपदी असलेल्या निशिदा यांनाही पायउतार व्हावे लागले. अमेरिकेतील अणुऊर्जा व्यवसायाच्या तोट्याने कंपनीचे कंबरडे मोडले, तेव्हा २०१८ मध्ये तिने तोच मेमरी व्यवसाय सुमारे दोन लाख कोटी येनला विकला. डिसेंबर २०२३ मध्ये तोशिबाचे नाव टोकियो शेअर बाजारातूनही उतरले. हरणाऱ्याला पुढची दिशा दिसली, पण त्या वाटेवर टिकून राहण्याइतके बळ त्याच्यापाशी उरले नाही.

आणि जिंकणारा? फेब्रुवारी २००८ मध्ये ब्लू-रेच्या बाजूने कौल देणाऱ्या नेटफ्लिक्सने त्याआधी वर्षभर, जानेवारी २००७ मध्येच, इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास सुरुवात केली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये ही सेवा प्लेस्टेशन-३ वर आली. तिची सुरुवातीची पद्धत मासलेवाईक होती. नेटफ्लिक्स ग्राहकाला टपालाने एक ब्लू-रे तबकडी पाठवी. ती यंत्रात घातली की मगच इंटरनेटवरून चित्रपट दिसू लागत. सुमारे वर्षभराने त्या तबकडीचीही गरज उरली नाही. २०१२ च्या अखेरीस तर दूरचित्रवाणी संचावर नेटफ्लिक्स पाहण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे यंत्र प्लेस्टेशन-३ हेच असल्याचे नेटफ्लिक्सने सांगितले. ज्या यंत्राने ब्लू-रेला घराघरांत पोहोचविले, त्याच यंत्राने तिला घराबाहेर काढण्याची वाटही मोकळी केली.

त्यानंतरची पडझड सावकाश, पण सलग आहे. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवी ब्लू-रे यंत्रे आणणे थांबविले. २९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने टपालाने तबकड्या पाठविण्याची सेवा गुंडाळली. बेस्ट बायने २०२४ मध्ये चित्रतबकड्या विकणे सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द सोनीने मुद्रणासाठीच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. छापील चित्रपटांच्या ब्लू-रे आणि २०१६ पासून आलेल्या तिच्या ‘४के’ आवृत्त्या निघतात खऱ्या, पण त्यांचा ग्राहक आता मुख्यत्वे संग्राहक आणि चोखंदळ रसिक आहे.

भारताने ओलांडलेली पायरी

भारतात हे युद्ध दुरूनच ऐकू आले. ज्या काळात अमेरिकेत पाचशे आणि हजार डॉलरच्या यंत्रांची चर्चा होती, त्या काळात नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांची व्हीसीडी आणि ३४ रुपयांची डीव्हीडी बाजारात आणून खळबळ उडविली होती. चोरट्या तबकड्यांशी स्पर्धा करणारी ती किंमत पाहता हजारो रुपयांच्या ब्लू-रे यंत्राला मध्यमवर्गीय घरात जागा मिळणे दुरापास्त होते. शिवाय ब्लू-रेला प्रदेशांची कुंपणे होती. अमेरिका ‘ए’ विभागात, तर भारत ‘सी’ विभागात. न्यू जर्सीतल्या भावाने आणलेली तबकडी पुण्यातल्या बहिणीच्या यंत्रावर चालेलच, याची शाश्वती नसे. पराभूत एचडी डीव्हीडीला असे प्रदेशबंधन नव्हते, ही बाब आज मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

आपल्याकडे बहुसंख्य घरे व्हीसीडी-डीव्हीडीवरून थेट मोबाइलच्या पडद्यावर गेली. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले. मोझर बेअर दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. मधली ब्लू-रेची पायरी आपण चढलोच नाही; तिच्यासाठी पैसे घालविले नाहीत, हे भाग्यच. पण तिच्याबरोबर येणारा, स्वच्छ चित्राचा आणि स्वतःच्या मालकीचा संग्रहही आपल्याकडे फारसा झाला नाही.

हाती काय राहिले?

तबकडीची थोरवी वाढवून सांगण्याचे कारण नाही. तिच्यावर कुलपे होती, कुंपणे होती आणि ती अजरामरही नव्हती. २००६ ते २००८ दरम्यान छापलेल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचे वॉर्नरला २०२५ मध्ये मान्य करावे लागले. तथापि एकदा विकलेली तबकडी परत घेण्यासाठी कोणी दारात येत नसे. ती मित्राला देता येई, जुन्या बाजारात विकता येई, मुलाबाळांसाठी ठेवता येई.

आज पडद्यावरील ‘खरेदी करा’ हे बटण दाबून आपण नेमके काय घेतो? डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळविले, की डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम त्यांनी पैसे देऊन घेतले आहेत, ते करार संपल्यामुळे त्यांच्या संग्रहातून काढले जातील. ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला गेला. पण मालकी कोणाची हे त्यातून उघड झाले ते झालेच. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला: ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. या कायद्याने मालकी परत मिळालेली नाही. ती नाही, एवढे सांगणे मात्र बंधनकारक झाले.

२००८ साली प्रश्न विचारला जात होता तो ‘कोणती तबकडी घ्यावी?’ असा. त्या दोघींचा झगडा मिटण्याची वाट पाहत बसलेल्या ग्राहकाने तेवढ्या अवधीत तबकडीविना पाहायची सवय लावून घेतली आणि सोयीच्या मोबदल्यात आपली प्रत सोडून दिली. हा व्यवहार त्याने डोळे उघडे ठेवून केला असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या अटी त्याला कोणी वाचून दाखविल्या नव्हत्या. यापुढे एखादा चित्रपट मनापासून आवडला, तो दहा वर्षांनीही पाहावासा वाटेल अशी खात्री पटली, तर त्याची प्रत कोणाच्या कपाटात आहे एवढे तरी आपण विचारून घ्यायला हवे.